जुनी गाडी देऊन नवी घेताय? आधी विम्याचे कागद काढा

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्या भागात दोनच गोष्टी निघतात, लग्न नाहीतर गाडी. गेल्या हंगामात गावातल्या तिघांनी जुन्या कार काढून नव्या घेतल्या. शोरूमला जायच्या आधी तिघंही माझ्या ओसरीवर येऊन बसले होते. मी काही विमा एजंट नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे वावर आहे आणि आतापर्यंत दोन गाड्या बदलल्या, एवढाच माझा अधिकार. पण पहिल्या गाडीच्या वेळी विम्यात दोनदा ठेचकाळलो, दुसऱ्या वेळी सगळं नीट केलं, म्हणून लोक विचारतात. प्रश्न ठरलेला असतो : "नव्या गाडीचा इन्शुरन्स शोरूमवाला करूनच देते, मंग आपल्याले काय करा लागते?"

करा लागते ते बहुतेक जुन्या गाडीचं. आणि तेही नव्या गाडीचे पैसे भरायच्या आधी.

१. जुनी पॉलिसी शोधा आणि तीन ओळी वाचा

पॉलिसी सापडत नसेल तर गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत आहे ते दिसतं. मग कंपनीकडून किंवा एजंटकडून पीडीएफ मागवा. त्यात हे बघायचं :

पहिलं, पॉलिसी कोणती आहे. आपल्याकडे दोन शब्द चालतात, 'थर्ड पार्टी' आणि 'फुल' (कोणी 'फर्स्ट पार्टी' म्हणतं). थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. ही कायद्यानं सक्तीची आहे. ती नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये. फुलमध्ये आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरलेलं असतं.

दुसरं, एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं झाली की ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. नुसती थर्ड पार्टी असेल तर हा बोनस नसतोच.

तिसरं, मुदत संपायची तारीख. ही तारीख घराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. कारण सांगतो.

माझी २०१२ ची आल्टो होती. पॉलिसी १२ जूनला संपायची. पाच वर्षं एक क्लेम नाही, बोनस पन्नास टक्क्यांवर पोचलेला. २०१७ च्या जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी यात पैसा अडकला. गाडी तशीही पावसाळ्यात गोठ्याशेजारी उभीच असायची. म्हटलं, सोयाबीन निघू दे, मग भरू. दिवाळीनंतर भरायला गेलो तर एजंट म्हणाला, "काकाजी, बोनस गेला तुमचा." पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमलेला सगळा बोनस शून्य होतो. म्हणजे माझी शेवटची तारीख १० सप्टेंबर होती. तेव्हा सोयाबीन अजून वावरातच उभं होतं.

ज्यांची पॉलिसी जून-जुलैत संपते त्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्या हातात पैसा येतो ऑक्टोबरनंतर. गाडी विकायची ठरवली आहे म्हणून 'आता कशाला भरायचा' असा विचारही करू नका. विकायच्या आधी पॉलिसी मेली आणि ९० दिवस उलटले, तर नव्या गाडीला न्यायला काहीच उरत नाही.

२. बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही

हे इतक्या जणांना माहीत नसतं की मी आता बोलायची सुरुवातच इथून करतो. गाडी विकली की पॉलिसी गाडीबरोबर जाते, बोनस मात्र मालकाकडे राहतो. तो नव्या गाडीला लावता येतो.

त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून 'एनसीबी सर्टिफिकेट' घ्यायचं. काही ठिकाणी त्याला 'एनसीबी रिटेन्शन लेटर' म्हणतात. अर्जासोबत लागतं :

- जुन्या पॉलिसीची प्रत
- आरसीची प्रत
- गाडी विकल्याचा पुरावा : सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (आरटीओत नाव बदलायचे फॉर्म), खरेदीदाराला ताबा दिल्याची पावती
- आधार आणि पॅन

पत्र मिळालं की ते तीन वर्षं चालतं. म्हणजे गाडी आज विकली आणि नवी पुढच्या वर्षीच्या चुकाऱ्यावर घ्यायची असली तरी बोनस बुडत नाही. नवी गाडी दुसऱ्या कंपनीकडे उतरवली तरी हरकत नाही, पत्र सगळीकडे चालतं.

फरक किती पडतो त्याचा हिशोब मांडून दाखवतो, आकडे समजण्यापुरते. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता २०,००० रुपये धरा. पन्नास टक्के बोनसनं १०,००० कमी होतात, त्यावरचा १८ टक्के जीएसटीही वाचतो. म्हणजे ११,८०० रुपये. एका कागदासाठी.

इथे दोन फसगती होतात.

एक म्हणजे नाव. जुनी गाडी बापाच्या नावावर आणि नवी पोराच्या नावावर, हे आपल्याकडे घरोघरी. कर्ज पोराच्या पगारावर मिळतं म्हणून गाडीही त्याच्या नावावर. पण वडील हयात असताना त्यांचा बोनस मुलाला लागत नाही. मालक वारला तरच तो कायदेशीर वारसाकडे, म्हणजे नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे जाऊ शकतो. त्यामुळे नवी गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हे बुकिंगच्या आधी घरात बसून ठरवा.

दुसरी फसगत गोड बोलून होते. "साहेब, पत्र-बित्र राहू द्या, मी टाकतो पन्नास टक्के" असं म्हणणारा कोणी भेटला तर तिथंच हात धरा. मागच्या वर्षी तुम्ही क्लेम घेतला असेल आणि तरी प्रस्तावात बोनस दाखवला, तर हप्ता भरताना कोणी अडवत नाही. अडवतात क्लेमच्या वेळी. कंपन्या एकमेकींकडून खात्री करून घेतात, आणि खोटी माहिती दिली म्हणून तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. सही तुमची असते, एजंटची नाही.

३. जुनी गाडी नावावरून काढा, मगच निश्चिंत व्हा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा बैजवार सांगतो.

२०१८ मध्ये ती आल्टो मी मावसभावाला दिली. घरचाच माणूस. पैसे रोख, चावी हातात, आरसी हातात. फॉर्मवर सह्या करून दिल्या. दोन महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, "दादा, करतो ना नाव पुढच्या महिन्यात, काऊन इतकी घाई करून राहिला?" मीही मग विषय सोडला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पोरानं रात्री एका मोटारसायकलवाल्याला धडक दिली. त्या माणसाचा पाय मोडला. काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती माझ्या नावानं. गाडी मी कधीची विकली होती, पण आरसीवर नाव माझंच होतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे : नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी मधल्या मधे कितीही हातांत फिरली असली तरी. माझं नशीब की थर्ड पार्टी विमा चालू होता, भरपाई कंपनीनं दिली. तरी तारखांना खेटे मारावे लागले ते लागलेच. विमा संपलेला असता तर वावर विकायची पाळी होती.

कायदा असा आहे : विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (फॉर्म २९) आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव बदलीचा अर्ज करायचा (फॉर्म ३०). परिवहन सेवा पोर्टलवर अर्ज भरता येतो. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे कॅम्प लागतात, त्याच्या तारखा विचारून ठेवा. दर वेळी यवतमाळ गाठायची गरज पडत नाही.

अडणाऱ्या गोष्टी :

- जुन्या गाडीवर कर्ज होतं का? फेडलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहतो. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा.
- १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. ती नसेल तर आरटीओतलं काम अडतं.
- गाडी आदिलाबादकडे किंवा मध्य प्रदेशात जाणार असेल तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखला.
- पीयूसी संपलेलं नको, आणि चलनं बाकी नकोत. आपल्याला माहीत नसलेली चलनं निघतात, आधी ऑनलाइन बघा.

गाडी शोरूमलाच एक्सचेंजमध्ये देत असाल तर धोका वेगळा आहे. तिथे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात. गाडी पुढे कोण्या व्यापाऱ्याकडे जाते, तो गिऱ्हाईक मिळेपर्यंत नाव बदलत नाही, आणि चार-सहा महिने गाडी तुमच्याच नावावर कुठेतरी फिरत राहते. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी दिली तर फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवता येतं, आणि मग त्या काळातली जबाबदारी डीलरची. विचारा, "तुम्ही अधिकृत आहात का, २९सी भरणार का?" उत्तर गुळमुळीत आलं तर निदान ताबा दिल्याची पावती घ्या, तारीख आणि वेळेसकट. मी तर किलोमीटरचा आकडाही लिहून घेतला आणि गाडीसोबत त्या माणसाचा फोटो काढला. हसला तो. हसू दे.

४. जुन्या पॉलिसीचं काय होतं?

तीन वाटा आहेत.

गाडीबरोबर ती खरेदीदाराकडे जाऊ द्यायची, ही नेहमीची. यात थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी खरेदीदारानं १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची. तुमचा बोनस त्याला मिळत नाही, तेवढा फरक त्याला भरावा लागतो. हे त्याला सौदा करतानाच सांगा, नाहीतर "दादानं फुल इन्शुरन्स म्हणून गाडी टेकवली" असं गावभर होतं.

दुसरी वाट, नाव बदलल्याचा पुरावा देऊन पॉलिसी रद्द करायची. क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या हिशोबानं पैसे परत मिळतात. मात्र नाव बदलायच्या आधी रद्द करू नका. वरची नोटीस आठवा.

तिसरी, तीच पॉलिसी उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्या गाडीवर फिरवायची. हे सेकंडहँड कार घेणाऱ्याला कामाचं आहे. कोरी करकरीत गाडी घेणाऱ्याला नाही, कारण तिला नोंदणीच्या वेळीच तीन वर्षांची थर्ड पार्टी लागते.

५. नव्या गाडीचं कोटेशन वाचायला शिका

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एक वर्षाचा असतो. लोक 'तीन वर्षांचा विमा आहे' म्हणून दुसऱ्या वर्षी गाफील राहतात आणि फुलमधला अर्धा भाग मरतो. बोनसही त्याच्यासोबत.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस होत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले नव्या कारचे तीन वर्षांचे दर असे : १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसी १०,६४० आणि १५०० सीसीच्या वर २४,५९६. जीएसटी वेगळा. कोटेशन हाती येईल त्या दिवशी चालू दर एकदा बघून घ्या. घासाघीस करायची ती बाकीच्या हप्त्यावर, तिथे जागा भरपूर असते.

शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. "बाहेरून घेतला तर डिस्काउंट नाही" असं म्हणतात, मला म्हटलं होतं. मी दोन कोटेशनं समोर ठेवली. चहा येईपर्यंत त्यांचा आकडा साडेसात हजारांनी खाली आला. दोन्ही कोटेशनांत आयडीव्ही सारखा आहे ना, हे मात्र बघा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. नव्या गाडीला ती एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते : आठ लाखांची गाडी, सात लाख साठ हजार. हा आकडा पाडून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही त्यात जोडलेला असतो. तो तुमच्याकडे दुसऱ्या पॉलिसीतून आधीच असेल तर पुन्हा पैसे भरू नका. आणि गाडी ज्या आईच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे त्यांच्याकडे लायसन्सच नसेल, तर हा विमा त्यांना लागूच होत नाही.

६. आपल्या रस्त्यांना काय लागतं

ॲड-ऑनची, म्हणजे जादा हप्ता भरून मूळ विम्याला जोडायच्या गोष्टींची, यादी लांब असते. किल्ली हरवली, सामान हरवलं, टायर, काय काय. माझं मत विचाराल तर गावाकडच्या माणसानं तीनवर पैसे घालावे.

झिरो डेप. हे नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. आणि आजच्या गाडीचं तोंड म्हणजे सगळं प्लास्टिकच. रात्री दिग्रस-दारव्हा रस्त्यावर रानडुक्कर नाहीतर रोही (नीलगाय) आडवा आला की आधी बंपर, ग्रिल, दिवे जातात. जनावराची धडक फुल विम्यात बसते, थर्ड पार्टीत नाही.

इंजिन प्रोटेक्शन. पुरात रपट्यावरून गाडी घातली, बंद पडली आणि पुन्हा सेल मारला, तर इंजिनात पाणी ओढलं जातं. साध्या फुल विम्यात हे नुकसान नाकारतात. ज्यांच्या गावाच्या वाटेवर नाला आहे त्यांनी हे घ्याच, आणि घेतलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल मारू नका. ढकलून बाहेर काढा.

रोडसाइड असिस्टन्स. यात अंतर किती आणि तुमचं गाव त्यात येतं का, हे लेखी विचारा. साध्या पॉलिसीत गाडी ओढून न्यायला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. कॅशलेस गॅरेज जिल्ह्यात आहे की थेट नागपूर-अमरावतीला, हे पॉलिसी घेतानाच बघा.

आता खरी गावाकडची गोष्ट. खासगी गाडी भाड्यानं चालत नाही. शेजारच्या बाईला बाळंतपणासाठी सेवाग्रामला नेलं आणि तिच्या घरच्यांनी डिझेल टाकून दिलं, इथवर कोणी काही म्हणत नाही. पण वरातीला गाडी दिली, ठरवून पैसे घेतले आणि अपघात झाला, की पॉलिसीच्या अटीत 'भाड्याने वापर' वगळलेला असतो. क्लेम गेला. लग्नसराईत गाडी मागणारे खूप येतात. कमावायचंच असेल तर टॅक्सी परवान्याची गाडी घ्या, तिचा विमा वेगळा.

आणि बारीक नुकसानाला क्लेम घेऊ नका. दुसऱ्या गाडीला माझ्या एकदा रोह्याचं शेपूट-पाय लागलं, आरसा आणि दाराचा पत्रा, बिल ४,५०० रुपये. खिशातून भरले. क्लेम घेतला असता तर पहिले हजार रुपये तसेही माझेच गेले असते, आणि पंचेचाळीस टक्के बोनस शून्यावर आला असता.

७. चावी घ्यायच्या दिवशी

पेढे वाटण्याआधी पाच मिनिटं पॉलिसी वाचा :

- चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, एक-एक अंक
- नाव आधारप्रमाणे आहे का
- बोनसचा आकडा तुमच्या पत्राइतकाच आहे का
- ॲड-ऑन सांगितले तेच आहेत का
- कर्ज असेल तर बँकेचं नाव
- वारसाचं नाव
- विमा सुरू व्हायची तारीख आणि वेळ, गाडी रस्त्यावर आणण्याआधीची

माझ्या पॉलिसीत वारसाच्या जागी वडिलांचं नाव होतं, ते जाऊन सहा वर्षं झालेली. जुन्या पॉलिसीवरून उचललेलं. तिथेच उभं राहून बदलून घेतलं, बायको फोनवर मोबाइल नंबर सांगत होती.

क्लेममध्ये कंपनीनं दाद दिली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा फोन. त्यानंतर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही.

जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर टोल तिचा आणि पैसे तुमचे. आणि तिचा नंबर एम-परिवहनवर अधूनमधून टाकून बघत राहा. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी दर सोमवारी बघायचो. सत्ताविसाव्या दिवशी मालकाच्या जागी दुसऱ्याच्या नावाची अक्षरं दिसली, त्याचा स्क्रीनशॉट अजून मोबाइलमध्ये आहे.